दवाखाना गाठला, तरी जागं राहा

नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात ९ ते ११ या तीन दिवसांत ३४ सिझेरियन झाली. त्यांतल्या सात जणींची तब्येत शस्त्रक्रियेनंतर ढासळली. मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, मग इतर अवयवांनी साथ सोडली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यांपैकी पाच बाळंतिणी दगावल्या. शिरेतून चढवलेल्या रिंगर लॅक्टेटच्या बाटल्यांवर संशय आला. राज्याने त्या बाटल्यांचा वापर थांबवला आणि औषध नियंत्रकांना निलंबित केलं. पुढे सरकारने एप्रिल ते डिसेंबर २०२४ या काळातल्या राज्यभरातल्या ४६४ मातामृत्यूंची तपासणी करवली. यांतले ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू टाळता आले असते, असा तिचा निष्कर्ष होता.

बळ्ळारी, बिदर आणि कलबुर्गी हे तिन्ही जिल्हे एकाच कल्याण कर्नाटकातले. म्हणून भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, हुलसूर, आळंद या भागातल्या मराठी घरांनी हा निष्कर्ष आपल्यासाठीच आहे असं समजावं. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे कर्नाटकात ६३ माता दगावत होत्या. शेजारच्या तेलंगणात हा आकडा ४५ आणि महाराष्ट्रात ३८ होता. दक्षिणेकडच्या राज्यांत कर्नाटकाचा आकडा सर्वांत वाईट होता.

याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली ९७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत असल्याचं दिसतं. म्हणजे घरी सुईणीच्या हातून बाई दगावण्याचे दिवस बरेचसे मागे पडले. आता बहुतेक मृत्यू होतात ते दवाखान्याच्या खाटेवर, नाहीतर एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे जाताना गाडीत. तरीही ‘ॲडमिट केलं, आता काळजी नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. डॉक्टरांचं काम घरच्यांनी करायचं नसतं. पण लक्षण ओळखून वेळेवर बोलणं, योग्य प्रश्न विचारणं आणि काही निर्णय आधीच घेऊन ठेवणं घरच्यांच्या हातात असतं. ते कसं करायचं, हे पुढे क्रमाने सांगितलं आहे.

सातव्या महिन्यात घरात बसून ठरवा

सीमाभागात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सासर भालकीचं आणि माहेर उदगीरचं, किंवा सासर उमरग्याचं आणि माहेर आळंदचं, अशी घरं इथे गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे पहिले सहा महिने तपासणी एका राज्यात आणि बाळंतपण दुसऱ्या राज्यात, असं सर्रास होतं. कळा सुरू झाल्यावर कुठे जायचं यावर चर्चा करत बसलं तर तासभर सहज जातो. म्हणून सातवा महिना लागला की दोन्हीकडच्या मंडळींनी एकदा बसून तीन गोष्टी पक्क्या कराव्यात.

पहिली गोष्ट, कुठे जायचं. साधं बाळंतपण जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुका रुग्णालयात होऊ शकतं. पण काही बाळंतपणं सुरुवातीपासूनच जोखमीची असतात. आधीचं सिझेरियन, जुळी बाळं, रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, वार खाली असल्याचं सोनोग्राफीत दिसणं, बाळ आडवं असणं, मुलीचं वय १८-१९ च्या आत असणं किंवा आधीच्या बाळंतपणात खूप रक्त गेलेलं असणं, यांतलं काहीही असेल तर थेट मोठं रुग्णालय ठरवा. बिदरला बिदर वैद्यकीय विज्ञान संस्था म्हणजे ब्रिम्सचं रुग्णालय आहे, कलबुर्गीला जिम्स आणि बसवेश्वर रुग्णालय आहे. कमलनगरच्या लोकांना बिदरपेक्षा उदगीर जवळ पडतं आणि तिथून पुढे लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अफजलपूर आणि आळंदच्या पश्चिमेकडच्या गावांना सोलापूरही सोयीचं पडतं.

दवाखाना सरकारी असो वा खासगी, पाच प्रश्न आधी जाऊन विचारा. रात्री बाराला स्त्रीरोगतज्ज्ञ मिळतील का? भूलतज्ज्ञ बोलावल्यावर किती वेळात येतात? रक्त इथेच मिळतं की बाहेरून आणावं लागतं? बाळंतिणीसाठी अतिदक्षता विभाग आहे का? इथे जमलं नाही तर पुढे कुठे पाठवता? उत्तरं गोलमोल आली तर तो दवाखाना साध्या बाळंतपणापुरताच समजा. इमारत किती चकचकीत आहे यावरून यांतलं काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट, कशाने जायचं. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. पण सीमेवरच्या गावात मोबाईलला पलीकडच्या राज्याचा टॉवर लागला तर कॉल पलीकडच्या केंद्रात जाऊ शकतो. म्हणून फोन उचलल्याबरोबर आधी राज्य, मग जिल्हा, तालुका, गाव आणि जवळची खूण सांगा. शिवाय गावातल्या एका गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवा. पावसाळ्यात कुठला ओढा भरतो, रात्री कुठला रस्ता चालू असतो, हे त्यालाच ठाऊक असतं.

तिसरी गोष्ट, रक्त कोण देणार. तिचा रक्तगट पाठ असू द्या आणि रक्त देऊ शकणाऱ्या चार जणांचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोपेक्षा जास्त आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असलेला निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. ‘रक्त दिलं तर शेतात काम होत नाही’ ही भीती निराधार आहे. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत तिला अँटी-डी इंजेक्शन मिळालं पाहिजे. हे लक्षात ठेवणारा एक माणूस नेमून द्या.

याच बैठकीत सहीचाही विषय काढा. नवरा पुण्याला किंवा हैदराबादला कामावर, त्याचा फोन लागत नाही, म्हणून ऑपरेशन अडून राहिल्याचे प्रकार घडतात. सज्ञान बाईची स्वतःची सही कायद्याने पुरते. जीव वाचवण्यासाठी सिझेरियन करावं लागलं, अगदी गर्भाशय काढावं लागलं, तरी थांबायचं नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिच्यासमोर आधीच बोलून दाखवावं.

कागद एकाच पिशवीत

कर्नाटकात गरोदर बाईला तायी कार्ड मिळतं, महाराष्ट्रात माता व बाल संरक्षण कार्ड. माहेरी जाताना हे कार्ड सासरी कपाटात राहतं आणि मग दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरांसमोर ती कोऱ्या पाटीसारखी उभी राहते. तिचा रक्तदाब तीन महिन्यांपूर्वी किती होता हे त्यांना कळत नाही, आणि रक्तदाबाच्या आजारात तीच तुलना निर्णायक असते. म्हणून कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, आधार, आयुष्मान कार्ड आणि आधीच्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड हे सगळं एका पिशवीत ठेवा. ती पिशवी बाईबरोबर फिरली पाहिजे. प्रत्येक कागदाचा फोटो दोन मोबाईलमध्ये असू द्या. माहेरी गेल्या आठवड्यातच तिथल्या आशाताईकडे नोंद करा आणि कार्डावरचा आरसीएच क्रमांक दाखवा.

खर्चाच्या भीतीने उशीर करू नका. जून २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार कुठल्याही सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, दवाखान्यात नेणं, पुढे पाठवणं आणि घरी सोडणं हे सगळं मोफत आहे. औषध बाहेरून आणायला सांगितलं तर पावती जपून ठेवा आणि ते आत का मिळत नाही हे विचारा. कर्नाटकात आरोग्यविषयक चौकशी आणि तक्रारीसाठी १०४ हा क्रमांक आहे.

रक्तदाब आणि रक्त: नऊ महिन्यांची राखण

बाळंतपणात बाई दगावण्यामागे वारंवार तीन कारणं दिसतात: अतिरक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि जंतुसंसर्ग. पंडुरोग, म्हणजे अंगात रक्त कमी असणं, हा धोका आणखी वाढवतो. देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई जेवढं रक्त गेलं तरी तग धरते, तेवढ्यानेच ६ असलेली दगावू शकते. लोहाच्या गोळ्या रोज घ्या. जेवणानंतर लगेच चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्या. आठव्या महिन्यातही रक्त वाढत नसेल तर शिरेतून लोह देता येतं का, हे डॉक्टरांना विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ती चुकवू नका.

रक्तदाब प्रत्येक तपासणीत मोजलाच गेला पाहिजे, आणि आकडा कार्डावर लिहून घ्या. १४०/९० किंवा त्याहून जास्त म्हणजे इशारा, १६०/११० म्हणजे तातडी. ‘गरोदरपणात पायाला सूज येतेच’ असं म्हणून सोडून देऊ नका. सूज तोंडावर आणि हातावर आली, बांगड्या घट्ट झाल्या, डोकं सतत ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे दिसू लागले, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखू लागलं, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळाची हालचाल मंदावली, अंगावरून पाणी किंवा थोडंही रक्त गेलं, तरी तोच नियम.

या रक्तदाबातून झटके येतात. झटका आला की काही घरांत अजूनही ‘बाहेरचं लागलं’ असं म्हणतात आणि पाय गाणगापूरकडे किंवा एखाद्या दर्ग्याकडे वळतात. श्रद्धा ज्याची त्याची. पण गरोदर किंवा ओल्या बाळंतिणीला आलेला झटका हा रक्तदाबाचा आजार धरायचा आणि पहिली धाव दवाखान्याकडे घ्यायची. तिला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, कांदा हुंगवत बसू नका. यावरचं औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते स्वस्त आहे आणि जुनं आहे. ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या अभ्यासातून २००२ साली दिसलं की त्याने झटक्यांचा धोका निम्म्यावर येतो. त्याचा पहिला डोस लहान दवाखान्यातही देता येतो.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. गावातल्या डॉक्टरकडून घरीच ‘कळा वाढायचं इंजेक्शन’ टोचून घेऊ नका. कळा बेसुमार वाढल्या तर गर्भाशय फाटू शकतं, विशेषतः आधी सिझेरियन झालेलं असेल तर. हे औषध फक्त दवाखान्यात, सलाईनमधून थेंब मोजून आणि बाळाचे ठोके ऐकत द्यायचं असतं.

बाळ आलं, आता आईकडे बघा

बाळ रडलं की सगळं घर बाळाभोवती जमतं. पेढे वाटले जातात, फोन सुरू होतात, आणि नेमक्या त्याच दोन तासांत बाळंतिणीकडे कुणाचं लक्ष नसतं. अतिरक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत होतो, त्यातही पहिले दोन तास सर्वांत नाजूक. या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशयाचा कडकपणा आणि रक्त किती जातंय हे पाहायचं असतं. सिस्टर एकटी आणि बाळंतिणी चार असतील, तर हे मागे पडू शकतं. म्हणून एका जाणत्या बाईने, सासूने, आईने किंवा जावेने, बाळाला दुसऱ्याकडे सोपवून बाळंतिणीजवळच बसावं.

तिने काय पाहायचं? पॅड किंवा घडी घातलेलं कापड तासाच्या आत पूर्ण भिजलं, लिंबाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडल्या, रक्ताची धार थांबत नाही, पांघरुणाखाली थारोळं साचलंय, तर लगेच सिस्टरना बोलवायचं. चेहरा पांढरा पडणं, घाम सुटून अंग गार पडणं, सारखी तहान लागणं, जीव घाबरा होणं, बोलताना गुंगी येणं या खुणा दिसायला लागल्या म्हणजे रक्त बरंच गेलेलं असतं. ‘थकलीय, झोपू द्या’ असं म्हणू नका. हलवून बोलतं करा, आणि ती नीट बोलत नसेल तर आरडाओरडा करून डॉक्टरांना बोलवा. भिजलेली कापडं फेकू नका, दाखवा.

नुसत्या नजरेने गेलेलं रक्त नेहमी कमी वाटतं, अनुभवी माणसालाही. यावर काम आपल्याच सीमेवरच्या बेळगावात झालं. तिथल्या खेड्यांत १,६२० बाळंतपणांवर मिसोप्रोस्टॉल गोळ्यांचा अभ्यास झाला आणि २००६ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर लगेच गोळ्या दिल्याने अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. त्याच कामात गेलेलं रक्त मोजण्यासाठी बाळंतिणीखाली अंथरायची, खाली खुणा केलेली पिशवी असलेली प्लास्टिकची चादर वापरली गेली. अशाच चादरीने रक्त मोजून, मर्यादा ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू करण्याची पद्धत पुढे चार आफ्रिकी देशांत तपासली गेली. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे दुष्परिणाम ६० टक्क्यांनी घटल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. म्हणून ‘रक्त किती गेलं, मोजलं का?’ हा प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका. रक्त थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड बाळंतपणानंतर तीन तासांच्या आतच द्यायचं असतं. त्यातही जितकं लवकर तितका गुण जास्त.

सिझेरियननंतरची लघवीची पिशवी

कर्नाटकात जवळपास तीनातलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं. ते करायला घाबरू नका, पण झाल्यावर गाफीलही राहू नका. खाटेला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीकडे दर तासाला बघा. तासाला ३० मिलीपेक्षा कमी लघवी, किंवा रक्तासारखी, चहासारखी गडद लघवी म्हणजे मूत्रपिंडं संकटात असल्याची खूण. बळ्ळारीच्या बाळंतिणींत मूत्रपिंडंच आधी बिघडली होती. पोट फुगून ताठ होणं, नाडी सारखी जोरात धावणं, धाप लागणं, सलाईन किंवा इंजेक्शन सुरू होताच थंडी वाजून हुडहुडी भरणं, अंगावर पुरळ उठणं, हेही लगेच सांगायचं. बाटली लावताच असा त्रास झाला तर ती बंद करायला सांगा, फेकू देऊ नका, आणि तिच्यावरचं नाव व बॅच क्रमांक यांचा फोटो काढून ठेवा.

साधं बाळंतपण झालं तरी दुसऱ्याच दिवशी घरी न्यायची घाई नको. सरकारी रुग्णालयात साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस मोफत जेवणाची सोय आहे, ती राहण्यासाठीच.

‘रेफर’ केलं तर

पुढे पाठवणं म्हणजे डॉक्टरांनी हात झटकले, असं धरू नका. वेळेवर पाठवणारा डॉक्टर जीवच वाचवतो. मात्र नुसतं ‘बिदरला न्या’, ‘कलबुर्गीला न्या’ असं तोंडी ऐकून गाडी काढू नका. चार गोष्टी करून घ्या. चिठ्ठीवर रक्तदाब, नाडी, काय झालं, कुठली औषधं किती वाजता दिली हे लिहून घ्या. पहिला डोस दिला का, विचारा: झटक्यांसाठी मॅग्नेशियम, रक्तस्रावासाठी ऑक्सिटोसिन आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. पुढच्या रुग्णालयाला फोन करून खाट, डॉक्टर आणि रक्त आहे का, याची खात्री करायला सांगा. आणि सोबत सिस्टर मिळते का, पाहा.

भालकीहून बिदर किंवा आळंदहून कलबुर्गी अंदाजे चाळीस किलोमीटर. तेवढ्या वेळात सलाईन चालू असली पाहिजे, तिला डाव्या कुशीवर झोपवलं पाहिजे, अंगावर पांघरूण हवं. वाटेत घरी थांबून कपडे घ्यायचे नाहीत. रक्त देणारी दोन माणसं मागून दुसऱ्या गाडीने यावीत. गाडीवाल्याने ‘तिथं गर्दी आहे, माझ्या ओळखीच्या दवाखान्यात चला’ म्हटलं तर ऐकायचं नाही. जिथे रक्त, ऑपरेशन आणि अतिदक्षता तिन्ही आहेत तिथे एकदाच जा. एकामागून एक तीन दवाखाने करण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात ऑपरेशन उरकलं असतं.

सांगायचं ते कानडीतही सांगा

बिदर-कलबुर्गीच्या दवाखान्यात मराठी, कानडी, दखनी सगळं चालतं. पण बदलून आलेली सिस्टर बंगळूरकडची असू शकते आणि घाबरलेल्या माणसाला धड वाक्य सुचत नाही. काही शब्द सोबतच्या बाईला पाठ असू द्या. रक्त थांबत नाही: ‘रक्त निल्लुत्तिल्ल.’ डोकं फार दुखतंय: ‘तले बहळ नोवु.’ डोळ्यांपुढे धूसर दिसतंय: ‘कण्णु मंजागिदे.’ लघवी होत नाही: ‘मूत्र बरुत्तिल्ल.’ रक्तदाब बघा: ‘बीपी नोडि.’ उलट, उमरग्याहून किंवा उदगीरहून इकडे आलेल्या मुलीसोबत कानडी येणारं कुणीतरी ठेवा. सांगून दहा मिनिटांत कुणी आलं नाही तर ड्यूटी डॉक्टरांच्या खोलीत जा. नम्रपणे पण ठाम बोला. भांडण झालं की डॉक्टर-सिस्टर तुमच्याशी वाद घालण्यात अडकतात आणि नुकसान बाळंतिणीचंच होतं.

सव्वा महिना

आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात. वैद्यकीय हिशेबातही बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत झालेला मृत्यू मातामृत्यू धरला जातो. म्हणून हे दिवस फक्त शेक-शेगडीचे समजू नका. ताप, घाण वासाचा स्राव, टाक्यांतून पू, एका पोटरीला सूज आणि कळ, अचानक धाप, पुन्हा वाढलेलं रक्त, डोकेदुखी, झटका, यांतलं काहीही झालं तर बारसं आहे, बाहेर न्यायचं नसतं, वारं लागेल, हे काही ऐकू नका. रक्तदाबाचे झटके बाळंतपणानंतरही येतात, म्हणून ज्यांना रक्तदाब होता त्यांनी पहिल्या आठवड्यातच पुन्हा मोजून घ्यावा. पाणी तोडू नका. बाळंतिणीला भरपूर पाणी आणि चौरस जेवण लागतं.

मोठ्या संकटातून वाचलेल्या बाईची काळजी तर कुणीच घेत नाही. अतिदक्षता विभागातून घरी आलेली बाई ‘बरी झाली’ असं धरून कामाला जुंपली जाते. खूप रक्त गेलेल्या बाईला दूध आलंच नाही, पाळी परत आली नाही, सतत थकवा आणि थंडी वाटत राहिली, तर मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी दुखावलेली असू शकते, डॉक्टरांना दाखवा. ती गप्प-गप्प राहते, झोपत नाही, बाळाकडे बघत नाही, तर मनाच्या डॉक्टरांकडे न्या. पुढच्या गर्भाची घाई नको. दिवस राहिलेच तर पहिल्या तीन महिन्यांतच मोठ्या रुग्णालयात जाऊन आधीचा सगळा इतिहास सांगा. ज्यांना रक्तदाबाचा आजार झाला होता, त्यांना बाराव्या आठवड्यानंतर कमी डोसाची ॲस्पिरिन सुरू करता येते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

वाईट घडलंच तर

दुःखाच्या त्या घडीला कागद आठवत नाहीत, तरी ते मागा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्ण किंवा नातेवाइकांनी मागितल्यावर ७२ तासांच्या आत उपचारांचे कागद द्यावे लागतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करण्याची सरकारी पद्धत ठरलेली आहे. आरोग्य खात्याची माणसं घरी येऊन विचारपूस करतात, रुग्णालयातही चौकशी होते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत मृत बाईच्या जवळच्या नातेवाइकांना आपली बाजू सांगता येते. ही शिक्षेची चौकशी नसते. काय चुकलं ते शोधण्यासाठी ती असते. म्हणून काही लपवू नका: किती वाजता निघालात, कुठे किती थांबावं लागलं, पैसे मागितले का, गाडी मिळाली का, सगळं वेळेसह सांगा. कर्नाटकात खासगी दवाखान्याविरुद्धची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणाकडे करता येते. तोडफोडीने ना न्याय मिळतो, ना गावात डॉक्टर टिकतो.

रुग्णालयांत डॉक्टर, भूलतज्ज्ञ, रक्त आणि चांगली औषधं पुरवणं ही सरकारची जबाबदारी आहे; घरच्यांच्या जागरूकतेने ती कमी होत नाही. ती मागणी ग्रामपंचायतीत आणि आमदारांपुढे करत राहिलंच पाहिजे. पण तुमच्या घरात आज कुणाला सातवा महिना असेल, तर सरकार सुधारेपर्यंत थांबता येणार नाही. आज संध्याकाळी सगळे घरी आले की कुठे जायचं, कशाने जायचं आणि रक्त कोण देणार, हे ठरवा आणि लिहून तायी कार्डाच्या पिशवीत ठेवा.